परसदाराची कुळकथा

काका गेले त्याला तीन महिने होत आले होते. त्यांचा लॅपटॉप मावशीच्या घरी खिडकीजवळच्या टेबलावर तसाच पडून होता. निवृत्तीनंतर काकांनी गावच्या आठवणी टाइप करून ठेवल्या होत्या, घरातले जुने फोटो एकेक करून स्कॅन केले होते. ते सगळं त्या लॅपटॉपमध्ये होतं आणि पासवर्ड काकांबरोबर गेला होता. मावशीने लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने पाहिलं आणि म्हणाला, “काकू, पासवर्ड नसेल तर फॉरमॅट मारावा लागेल. आतलं सगळं जाईल.” मावशीने लॅपटॉप उचलला, घरी आणला आणि मला फोन केला. “अरे, मला तो सुरू व्हायला नकोय. तुझ्या काकांचं लिखाण तेवढं बाहेर काढता येतं का बघ.”

मी एक पेनड्राइव्ह घेऊन गेलो. लॅपटॉप सुरू करताना एफ-१२ दाबलं, समोर आलेल्या यादीतून पेनड्राइव्ह निवडला. दोन मिनिटांत पडद्यावर विंडोजऐवजी पेनड्राइव्हमधलं लिनक्स आलं. बाजूला लॅपटॉपच्या हार्डडिस्कचं चिन्ह होतं. ते उघडलं, वापरकर्त्यांच्या फोल्डरमध्ये काकांच्या नावाचा फोल्डर होता, त्यात ‘आठवणी’ होत्या. पाऊण तासात सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरलं. पासवर्ड कोणी विचारलाच नाही.

मावशी शेजारी बसून पाहत होती. तिने विचारलं, “मग त्या पासवर्डचा उपयोग काय होता?”

हा प्रश्न फार मोलाचा आहे. त्याचं उत्तर साठ वर्षांत पसरलेलं आहे आणि ते ऐकल्याशिवाय पेनड्राइव्हची ही युक्ती नीट समजत नाही.

१९६१च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही व्यवस्था चालवून दाखवली. तोवर एका वेळी एकाचंच काम करणारा अवाढव्य संगणक आता अनेकांमध्ये वाटला जाणार होता. प्रत्येकापुढे टाइपरायटरसारखं एक टर्मिनल, आणि यंत्र क्षणाक्षणाला एकाकडून दुसऱ्याकडे वळणार. एकाच्या फाइली दुसऱ्याने पाहू नयेत म्हणून माणसागणिक पासवर्ड आला. टर्मिनलवर बसल्यावर आधी जी आज्ञा द्यायची तिचं नाव होतं ‘लॉगिन’. हा शब्द समुद्रावरून आलेला. जहाजाचा वेग मोजायला खलाशी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा ओंडका बांधून पाण्यात टाकत. ओंडका म्हणजे लॉग. वेगाची नोंद ज्या वहीत होई ती लॉगबुक. म्हणजे लॉगिन करणं म्हणजे वहीत आपल्या येण्याची नोंद करणं.

जुन्या वाड्यात पाच-सहा बिऱ्हाडं राहत. प्रत्येक बिऱ्हाडाच्या खोलीला आपापलं कुलूप असे आणि ते शेजारच्या बिऱ्हाडासाठी असे. वाड्याच्या दिंडीदरवाजाची राखण हा वेगळा विषय. पासवर्डही तसाच खोलीचं कुलूप म्हणून जन्मला. संगणक स्वतः बंद दालनात होता, त्याची डिस्क कोणी काखोटीला मारून नेण्याचा प्रश्नच नव्हता. कोणाला कुठल्या खोलीत सोडायचं हे संगणकात चालू असलेली व्यवस्था ठरवत होती. म्हणजे पासवर्ड ही त्या पहारेकऱ्याशी ठरलेली खूण होती. डिस्कवरच्या अक्षरांना त्याचा स्पर्शही झालेला नव्हता.

हे लगेच उघडंही पडलं. १९६२मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला सीटीएसएसवर आठवड्याला चार तास मिळत आणि त्याचं काम तेवढ्यात भागत नव्हतं. पासवर्डांची फाइल छापून द्यावी अशी विनंती त्याने पंचकार्डावर करून टाकली. शुक्रवारी रात्री कार्ड दिलं आणि शनिवारी सकाळी छापील यादी उचलली. त्याने एकही पासवर्ड ओळखला नाही की फोडला नाही. तो पहारेकऱ्याला वळसा घालून गेला. पुढे १९६६मध्ये दोन फाइलींची अदलाबदल होऊन लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर स्वागताच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापले गेले. कोर्बातोंनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हा प्रसंग स्वतः सांगितला आहे.

वळसा घालण्याची वाट मात्र संगणकाच्या अधिक जुन्या गरजेतून आली. बंद यंत्र सुरू होतं तेव्हा त्याच्या स्मृतीत काहीच नसतं. डिस्कवरून प्रोग्राम वाचायचा तर वाचणारा प्रोग्राम आधी स्मृतीत हवा. तो आणणार कोण? स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःला उचलावं तसा हा पेच, म्हणून या कामाला ‘बूटस्ट्रॅप’ म्हणू लागले आणि त्याचंच पुढे ‘बूट’ झालं. आपल्याकडच्या तर्कशास्त्र्यांनी अशाच अशक्य गोष्टीसाठी आपल्याच खांद्यावर चढून बसण्याचं उदाहरण दिलेलं आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या ७०१ या यंत्राने त्यावर उपाय म्हणून ‘लोड’चं बटण दिलं. ते दाबलं की यंत्र कार्डावरून किंवा टेपवरून पहिला तुकडा वाचे, तो तुकडा पुढचे तुकडे ओढून आणे. १९६५च्या पीडीपी-८वर तर हा पहिला तुकडा पुढच्या फळीवरची बटणं वरखाली करत हाताने भरता येई.

यातून एक गोष्ट पक्की झाली. यंत्र वेगळं आणि त्यावर चालणारी व्यवस्था वेगळी. सुरू होताना यंत्र कोणाचंच नसतं. जो पहिला तुकडा हाती लागेल त्याच्या स्वाधीन ते होतं.

१९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला तो हाच स्वभाव घेऊन. सुरू होताच तो फ्लॉपीकडे बघे. १९८३च्या पीसी-एक्सटीत १० एमबीची हार्डडिस्क आली तरी आधी फ्लॉपी आणि मग हार्डडिस्क असाच क्रम राहिला. त्यामुळे हार्डडिस्कवरची व्यवस्था बिघडली तर खणातून बूट फ्लॉपी काढायची, तिच्यावरून यंत्र उठवायचं आणि आतल्या फाइली वाचायच्या, हे त्या काळच्या प्रत्येक ऑपरेटरच्या हाताला सवयीचं झालं. याच दाराने चोरही शिरले. १९८६मध्ये लाहोरहून निघालेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या त्याच पहिल्या तुकड्यात बसून जगभर फिरला. मालक बाहेर अडकला तर ज्या परसदाराने तो आत येतो, ते परसदार परक्यालाही दिसतं. या कुळातल्या प्रत्येक पिढीला हे भोगावं लागलं आहे.

फ्लॉपीत १.४४ एमबी मावत. एवढ्या जागेत दुरुस्तीची चार हत्यारं बसतात, पण घरातल्या माणसाला चिन्हांवर क्लिक करून आपले फोटो शोधता येतील अशी पूर्ण व्यवस्था बसत नाही. ती जागा सीडीने दिली. डिसेंबर १९९२मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅडम रिश्टर यांनी इग्द्रासिल हे लिनक्स सीडीवर आणलं. हार्डडिस्कवर काहीही न बसवता थेट सीडीवरून चालणारं ते पहिलं लिनक्स मानलं जातं. पण ते उठवायला अजून फ्लॉपीच लागे, कारण सीडीवरून बूट कसं करायचं हे यंत्राला माहीत नव्हतं. जानेवारी १९९५मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी मिळून त्याचे नियम ठरवले आणि त्या नियमावलीला ‘एल टोरिटो’ असं नाव दिलं. फिनिक्सच्या कचेरीजवळ, कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन गावात, त्या नावाची मेक्सिकन खाणावळ होती. कल्पना तिथे जेवताना सुचली आणि नाव तेच राहिलं, असं सांगतात.

यानंतरचा पूर्वज माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी सप्टेंबर २०००मध्ये ‘क्नॉपिक्स’ प्रसिद्ध केलं. डेबियन लिनक्सवर आधारलेली ही एक सीडी कुठल्याही यंत्रात घातली की ती स्वतःच पडदा, कीबोर्ड, माउस, नेटवर्क सगळं ओळखून घेई. ७०० एमबीच्या सीडीत तिने दोन जीबीच्या आसपासचं सामान दाबून बसवलं होतं, जे लागेल ते त्या क्षणी सोडवून स्मृतीत आणलं जाई. हार्डडिस्कला ती हात लावत नसे. डिस्कची चिन्हं पडद्यावर ठेवी आणि उघडली तरी आधी फक्त वाचण्यापुरती उघडी. हा संयम फार महत्त्वाचा. ज्याच्या फाइली अडकल्या आहेत त्याचं निम्मं नुकसान घाईघाईच्या दुरुस्तीने होतं. काही लिहू नका, आधी वाचून बाहेर काढा, हा नियम क्नॉपिक्सने नवख्या माणसाच्याही हाती आपोआप दिला. पुढे क्नॉपरनी आपल्या दृष्टी अधू असलेल्या पत्नीच्या नावाने, ‘एड्रियान’ या नावाची बोलणारी आवृत्तीही त्यात घातली.

अशा सीड्या आपल्याकडे इंटरनेटवरून क्वचितच आल्या. ५६ केबीपीएसच्या फोनजोडणीवर ७०० एमबी उतरवायला एक दिवसाहून जास्त वेळ लागतो, तोही फोन एकदाही न तुटता. ‘पीसी क्वेस्ट’, ‘लिनक्स फॉर यू’ अशा मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्यांतून अनेकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं. पुढे उबुंटू या लिनक्सचे कर्ते मागेल त्याला टपालाने फुकट सीडी पाठवत, ती योजना २०११पर्यंत चालली. दुरुस्ती करणाऱ्यांच्या बॅगेत स्क्रूड्रायव्हरशेजारी अशी एक सीडी असायचीच.

पण परसदार सापडलं तरी आत दिवा हवा. विंडोज एनटी १९९३मध्ये आलं तेव्हा त्याने डिस्कवर फाइली मांडायची नवी पद्धत आणली, एनटीएफएस. कुठली फाइल कोण उघडू शकतो याचे नियम तिच्यात फाइलीगणिक लिहिलेले असतात. विंडोज एक्सपीबरोबर २००१पासून ती घराघरांत पोचली. तिची मांडणी मायक्रोसॉफ्टने खुली केलेली नव्हती. लिनक्सवाल्यांनी डिस्कवरचे बाइट न्याहाळत, अंदाज बांधत, पडताळत ती उलगडली. मार्टिन फॉन लोविस यांच्या कामामुळे १९९७च्या अखेरीस लिनक्सला ती वाचता येऊ लागली. तिच्यावर भरवशाने लिहिता यायला मात्र फेब्रुवारी २००७ उजाडला, तेव्हा हंगेरीच्या साबोल्च साकाचित्स यांचं एनटीएफएस-३जी स्थिर झालं. त्या फाइलीगणिक नियमांचं काय झालं? ते डिस्कवर लिहिलेलेच होते. पण त्यांची अंमलबजावणी करणारा विंडोज हा पहारेकरी झोपलेला होता आणि जागं असलेलं लिनक्स त्याचे नियम पाळायला बांधलेलं नव्हतं. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. काकांचा पासवर्ड विंडोजला ठाऊक होता, विंडोज उठलंच नाही, म्हणून तो कोणी विचारला नाही.

लिनक्सला एनटीएफएस वाचता येऊ लागली त्याच सुमारास दुसरी एक शाखा फुटली. १९९७मध्ये नॉर्वेच्या पेटर नोर्डाल-हागेन यांनी एक छोटी बूट फ्लॉपी बनवली. ती विंडोजच्या पासवर्डांच्या नोंदीत जाऊन त्या माणसाचा पासवर्डच कोरा करून टाके. दुकानात ‘पासवर्ड तोडून देतो’ म्हणतात ते पुष्कळदा याच वाणाचं काम असतं. पण त्यात मोठा धोका आहे. विंडोज २०००पासून काही माणसं आपल्या फाइली विंडोजच्याच सोयीने कूटबद्ध करून ठेवत आणि त्या फाइलींची किल्ली जुन्या पासवर्डाला बांधलेली असे. पासवर्ड असा बाहेरून पुसला की त्या फाइली कायमच्या मुक्या होतात. म्हणून लॅपटॉप परत वापरायचा असो वा नसो, आधी फाइली बाहेर, मग बाकीचं.

डिस्कच मरणाच्या वाटेवर असेल तर तिसरी शाखा कामी येते. अँतोनियो दियास दियास यांनी २००४मध्ये जीएनयू डीडीरेस्क्यू लिहिलं. आजारी डिस्कवरून सरळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत गेलं तर एका खराब जागेपाशी अडून ती तिथेच दम तोडू शकते. डीडीरेस्क्यू आधी सोपं, धडधाकट तेवढं उचलतं, खराब जागा नकाशात टिपून पुढे जातं आणि सगळ्यात शेवटी त्या जागांकडे परत वळतं. पूर आलेल्या घरातून आधी काय उचलायचं हे जसं जाणत्या माणसाला कळतं, तसंच हे.

सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली तरी युक्ती तीच राहिली. २०१२मध्ये विंडोज ८बरोबर दोन अडसर आले. एक, सही असलेलाच पहिला तुकडा यंत्र स्वीकारील, असा सुरक्षित बूटचा नियम. लिनक्सवाल्यांनी मायक्रोसॉफ्टची सही असलेला एक छोटा तुकडा मिळवून तो पार केला. दुसरा, झटपट सुरू होण्यासाठी विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट निजून राहतं. अशा डिस्कवर बाहेरून लिहिलं तर आतली मांडणी विस्कटते, म्हणून ती फक्त वाचायची.

यांतली बहुतेक हत्यारं लोकांनी लिहून खुली ठेवली, त्यासाठी पैसा मागितला नाही. जर्मनी, हंगेरी, नॉर्वे, स्पेन अशा दूरदूरच्या माणसांच्या कष्टांमुळे एका मराठी माणसाच्या गावच्या आठवणी त्याच्या बायकोला परत मिळाल्या. ही वाट ज्याची वस्तू त्याच्यासाठी, किंवा त्याच्या घरच्यांनी सांगितलं म्हणूनच चालायची. परवानगीशिवाय, लबाडीने दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

परसदार चोरालाही दिसतं हे वर म्हटलं. हरवलेला लॅपटॉप ज्याच्या हाती पडेल त्याला त्यातलं सगळं पेनड्राइव्ह लावून वाचता येत होतं. म्हणून कुलपाने जागा बदलली. आधी ते दाराला होतं, आता खुद्द धान्यालाच लागलं. विंडोज व्हिस्टाबरोबर २००७मध्ये आलेलं बिटलॉकर सगळी डिस्कच कूटबद्ध करतं. अ‍ॅपलचं फाइलव्हॉल्ट २००३चं, सुरुवातीला फक्त वापरकर्त्याच्या फोल्डरपुरतं; लिनक्सचं लक्स २००४चं. अशा डिस्कसमोर लिनक्स उठतं, परसदार उघडतं, आत जाता येतं आणि हाती फक्त अर्थहीन अंकांचा ढीग लागतो. विंडोज ११च्या २०२४मधल्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांत हे पुष्कळदा मालकाने न मागताही चालू झालेलं असतं. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं उठेनाशी झाली, भारतातल्या काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. उपाय एक फाइल पुसण्याइतका छोटा होता. पण जिथे बिटलॉकर होतं तिथे त्या फाइलीपर्यंत पोचायला आधी प्रत्येक यंत्राची पुनर्प्राप्तीची किल्ली शोधावी लागली.

ही किल्ली ४८ अंकांची असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. आज आपल्या परतीची वाट सारी याच अंकांत आहे. पेनड्राइव्हवरचं लिनक्सही किल्ली दिली की बिटलॉकरची डिस्क उघडून देतं. किल्ली नसेल तर जगातला कोणी दुकानदार ती उघडू शकत नाही आणि त्याने फॉरमॅट मारायचा म्हटलं तर तो खरंच बोलतो आहे.

गेल्या दिवाळीत मावशीने नवा लॅपटॉप घेतला. काकांच्या आठवणी जिथे थांबल्या तिथून पुढे ती लिहिते आहे. मी तोच पेनड्राइव्ह लावून पाहिला. डिस्कच्या चिन्हावर कुलूप होतं. मी तिला म्हटलं, “मावशी, या वेळी मी काही बाहेर काढू शकणार नाही. आज किल्ली लिहून ठेवू या.” तिच्या खात्यातून ते ४८ अंक पडद्यावर आणले आणि तिने ते वहीच्या पानावर देवनागरीत उतरवले.

त्या अंकांमागे एक व्यवस्था आहे, ती मी तिला सांगितली. सहा अंकांच्या प्रत्येक गटाला ११ने नि:शेष भाग जातो. भागून येणारी आठ उत्तरं एकत्र केली की खरी किल्ली बनते. भाग जायलाच हवा अशी रचना मुद्दाम आहे, म्हणजे उतरवताना चूक झाली तर ती त्या गटातच सापडावी. मावशीने अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. तिने चष्मा वर केला आणि ११ची कसोटी लावायला सुरुवात केली. एकाआड एक अंकांची बेरीज, उरलेल्यांची बेरीज, दोहोंतला फरक शून्य किंवा ११च्या पटीत. पहिला गट बरोबर, दुसरा बरोबर. पाचव्या गटाला फरक आठ आला. तिने पडद्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. ९च्या जागी १ लिहिला गेला होता. तिने तो खोडून नीट गाठीचा ९ काढला आणि उरलेले तीन गट तपासले.

पान फाडून तिने घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, काकांच्या आठवणींच्या छापील प्रतीखाली ठेवलं. मग लेकीला फोन लावला आणि फाइल कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे ते सांगितलं.